दिगूदादाचा धोंडा आणि भागिनाथाची मदत

कुसवंडी गावात एक भोळा गडी राहायचा. नाव भागिनाथ. भोळे गावात आणखीही होते, पण ते मधूनमधून सुट्टी घ्यायचे. भागिनाथ कधी सुट्टी घेत नसे.

सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. त्यामुळे त्याला काम सांगायला लोक भ्यायचे.

गावातल्या पोरांची मोबाईलवर एक गिल्ड होती. गिल्ड म्हणजे आपली टोळीच. खेळाचं नाव गडझुंज. दहा जण इकडे, दहा जण तिकडे. समोरच्याच्या गडावरचा झेंडा पळवून जो आपल्या गडावर आणून रोवेल, तो जिंकला.

गिल्डचा लीडर दिग्विजय, म्हणजे गावाचा दिगूदादा. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. बायको मोनाली शेजारच्या वाघोशीची. बोलायला कमी, बघायला जास्त. आणि वाघोशीच्या गिल्डचा लीडर तिचा सख्खा भाऊ, सुदर्शन.

त्यात लागला अधिक महिना. अधिकात जावयाला घरी बोलावतात, पाटावर बसवतात, ओवाळतात आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात. दिगूदादाचा हा पहिलाच अधिक. सासरच्या पाटाचं स्वप्न तो अंगाची हळद उतरायच्या आधीपासून बघत होता.

तेवढ्यात सुदर्शनचा फोन आला.

"दाजी, पैज लावता का? धोंड्याच्या आदल्या दिवशी लढाई. तुम्ही जिंकलात तर पाटावर तुम्ही. आम्ही जिंकलो तर पाटावर मी, आणि वाढायला तुम्ही."

बायको शेजारीच उभी. दिगूदादाला नाही म्हणता येईना. "लागली!" तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला वाढता येतं का?" मोनालीनं विचारलं.

"वाढायची वेळच येणार नाही."

"बरं," ती म्हणाली. "तरी शिकून ठेवा."

आता अशा गिल्डमध्ये भागिनाथ कशाला, असं कुणीही विचारील. तर गावात फोन कसाबसा लागायचा, पण खेळण्याइतकी रेंज यायची फक्त भागिनाथाच्या गच्चीवर. गच्ची पाहिजे तर भागिनाथ घ्या. तो गच्चीबरोबरच यायचा.

शेवटच्या लढाईआधी सरावाच्या लढाया ठरल्या, वाघोशीशीच. दिगूदादानं सगळ्यांना गच्चीवर गोळा केलं.

"जिंकणारी गिल्ड म्हणजे दहा शूर माणसं नव्हेत," तो म्हणाला. "ज्याचं काम त्यानं करायचं, अशी दहा माणसं. चौघं हल्ल्याला. दोघं औषधाला. तिघं झेंड्यामागं. आणि भागिनाथ, तू दरवाजावर. कुणालाही आत सोडायचं नाही."

"कुणालाही?"

"कुणालाही!"

लढाई लागली. कुसवंडीच्या पोरांनी वाघोशीचा झेंडा पळवला आणि धापा टाकत आपल्या गडाशी आली. दरवाजा बंद.

"भागिनाथ, उघड!"

"कुणालाही नाही."

"अरे, आम्ही आहोत!"

"तुम्हीपण कुणीतरीच की."

मागून वाघोशीची फौज आली आणि बंद दरवाजासमोर सगळ्यांना कापून गेली. दरवाजा मात्र शेवटपर्यंत सुरक्षित राहिला.

दिगूदादानं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, आपला माणूस जखमी होऊन आला की त्याला जवळ घ्यायचं. औषध पाजायचं. आपल्या माणसाला मरू द्यायचं नाही."

"असं होय," भागिनाथ म्हणाला. "हे आधी सांगायचं."

पुढच्या लढाईत त्याला हल्ल्याला पाठवलं. दिगूदादानं एकट्यानं सुदर्शनला गाठलं. तलवार चालली, भाला चालला. सुदर्शन गुडघ्यावर आला. आता एकच वार बाकी. दिगूदादानं हात उचलला. बघतो तर सुदर्शन टुणकन उठून उभा. ताजातवाना.

"ह्याला औषध कुणी पाजलं?"

"मी," भागिनाथ म्हणाला. "वहिनीचा भाऊ. आपलाच माणूस. फार लागलं होतं त्याला."

ताज्या सुदर्शननं दिगूदादाला एका वारात आडवं केलं. औषध संपलं होतं.

खाली मोनालीला भावाचा फोन आला. "ताई, त्या भागिनाथभाऊंना नमस्कार सांग."

दिगूदादा दातओठ खात म्हणाला, "भागिनाथ, नाती खाली ठेवून गच्चीवर यायचं. निळं आपलं, लाल त्यांचं. लाल दिसलं की ठोकायचं. विचारायचं नाही, बोलायचं नाही, थेट ठोकायचं."

"लाल दिसलं की ठोकायचं," भागिनाथानं घोकून ठेवलं.

तिसऱ्या लढाईत तो वाघासारखा लढला. दिसेल त्या लाल सैनिकाला ठोकत सुटला. सगळी गिल्ड चकित झाली. दिगूदादा तर ओरडलाच, "शाब्बास रे पठ्ठ्या!" आणि तेवढ्यात खाडकन आवाज आला.

भागिनाथानं फोन कठड्यावर आपटला होता.

"काय केलंस हे?"

"कोपऱ्यात बॅटरी लाल झाली. ठोकली."

दहाचे नऊ उरले. नऊ जणांचं जे व्हायचं ते झालं.

फोनला नवी काच बसली. दिगूदादानं भागिनाथाला समोर बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "हे बघ. काही लाल झालं म्हणजे त्याचा जोर संपत आला. त्याला आपटायचं नाही. कोपऱ्यात ठेवायचं, शांत पडू द्यायचं आणि पुन्हा जोर भरेपर्यंत हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं. सोपं आहे."

चौथ्या लढाईच्या दिवशी पोरं उशिरा आली. एकाला म्हशीची धार काढायची होती, एकाचा फोन बायकोकडे होता. दिगूदादा भागिनाथाच्या अंगणात येरझाऱ्या घालत ओरडत होता. "अशानं जिंकतात का गिल्डा! शिस्त नाही, वेळ नाही, मला काय वाघोशीत पातेलं घेऊन फिरायला लावता काय!"

ओरडून ओरडून त्याचं तोंड लालबुंद झालं.

भागिनाथानं ते पाहिलं. त्यानं दिगूदादाला उचललं, धान्याच्या कोठीत नेऊन कोपऱ्यात बसवलं आणि बाहेरून कडी घातली. चार्जरही आणला होता, पण दादाला तो कुठं लावायचा हे त्याला समजेना. म्हणून तो नुसताच दारात बसला.

कोठीत रेंज नव्हती. वर गच्चीवर गिल्ड बिनलीडरची लढली. कोण कुठं जायचं हे सांगायला कुणी नाही, म्हणून आठही जण एकाच दरवाजातून घुसले आणि तिथंच अडकले.

शेवटी मोनाली नवऱ्याला शोधत आली. "भागिनाथभाऊजी, हे कुठं आहेत?"

"आत आहेत, वहिनी. अजून जोर भरायचाय."

आतून दारावर धडाधड लाथा बसत होत्या.

"भरला असेल आता," मोनाली म्हणाली आणि तिनं कडी काढली.

दिगूदादा अंगावर ज्वारी घेऊनच बाहेर आला. "अरे, वर लढाई चाललीये आणि तू इथं नुसता बसलास? ऐकून ठेव! लढाई चालू असताना जो नुसता उभा राहतो, हलत नाही, बोलत नाही, तो गिल्डवर भार! त्याला तिथल्या तिथं काढून टाकायचं. मग तो कुणी का असेना!"

"कुणी का असेना," भागिनाथ म्हणाला. त्यानं मान डोलावली. हे त्याला मनापासून पटलं.

शेवटच्या लढाईचा दिवस आला. दिगूदादानं रात्रभर विचार करून एक नामी युक्ती काढली होती. भागिनाथाला उपलीडर करायचं.

"उपलीडरला काय काम असतं?" भागिनाथानं विचारलं.

"काहीच नसतं. गडावर उभं राहायचं आणि बघायचं."

सगळ्यांना युक्ती आवडली.

आणि खरंच, त्या दिवशी गिल्ड अशी लढली की बघत राहावं. चौघांनी एका बाजूनं आरडाओरडा करून वाघोशीला तिकडं ओढलं. औषधवाले बरोबर मागं. सुदर्शन पहिल्याच झटापटीत गारद. दिगूदादानं स्वतः झेंडा उपटला आणि घोडा आपल्या गडाकडं पिटाळला. मागं फक्त दोन लाल घोडेस्वार, तेही लांब. गड समोर दिसायला लागला. पाट समोर दिसायला लागला. पाटाभोवतीची रांगोळीसुद्धा दिसायला लागली.

एवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

अधिक महिन्यात सासूचा फोन कोणता जावई कापील? त्यानं घेतला.

"जावईबापू, धोंडे पुरणाचे करू की खोबऱ्याचे?"

"आई या वेळेला कधी फोन करत नाही," लढाई बघायला गच्चीवर आलेली मोनाली म्हणाली. पण हळू म्हणाली, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

लीडर फोनवर गेला की गिल्डचा कारभार आपोआप उपलीडरच्या हातात जातो, असा त्या खेळाचा नियम. भागिनाथाच्या फोनवर सगळी बटणं उजळली. त्यानं गडावरून खाली पाहिलं. दरवाजाच्या तोंडाशी एक घोडेस्वार उभा. हलत नाही. बोलत नाही. लढाई चाललीये आणि नुसता उभा.

त्यानं नाव वाचलं. दिगूदादा.

"कुणी का असेना," भागिनाथ म्हणाला आणि बटण दाबलं.

दिगूदादा गिल्डमधून गेला. घोडा गेला. झेंडा दरवाजासमोर मातीत पडला. दोन लाल घोडेस्वार आले, त्यांनी तो उचलला आणि रमतगमत परत नेला. जाता जाता कुसवंडीचाही नेला. लढाई संपली.

"पुरणाचेच करा, मामी," दिगूदादा फोनवर सांगत होता. "पाटावर बसून खायला पुरणाचेच बरे." मग त्यानं फोन खाली घेतला आणि पडद्यावर आपला घोडा शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी सगळी गिल्ड वाघोशीला गेली. हरलेल्यांनी वाढायचं ठरलं होतं. पण दिगूदादाचा चेहरा काही अगदीच पडलेला नव्हता. जावयाला उभं ठेवून कुणी जेवतं का? आग्रह होणार. आपण दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा बसायचं. रीतच आहे तशी.

आणि तसंच झालं. सुदर्शन पाटावर ऐटीत बसला होता. सासूबाईंनी त्याचा कान धरून त्याला उठवलं. "जावई उभा आणि लेक पाटावर? लाज नाही वाटत? बसा हो जावईबापू."

भरलं घर बघत होतं. दिगूदादानं छाती पुढं काढली. "नाही मामी. शब्द म्हणजे शब्द. भागिनाथ, कुणी कितीही आग्रह केला, तरी मला बसू देऊ नकोस!"

"बरं," भागिनाथ म्हणाला आणि त्याच्या मागं येऊन उभा राहिला.

मोनालीनं डोळे मिटून घेतले.

"असं काय करता, बसा ना," सासूबाई म्हणाल्या.

"नको, मामी."

"माझ्या गळ्याची शपथ."

"नको नको."

"तुम्ही बसला नाहीत तर मी आज जेवायचीच नाही."

"आता तुम्ही एवढं म्हणताय तर..." दिगूदादा म्हणाला आणि गुडघ्यात वाकला.

मागून दोन हात काखेत शिरले. दिगूदादा सरळ झाला. पुन्हा वाकला. पुन्हा सरळ झाला.

"सोड, अरे!"

"कितीही आग्रह केला तरी, दादा. आत्ताच म्हणालास."

तबकातली निरांजनं जळत होती. आतल्या दारातून सुदर्शनची आजी करवादली, "मांडलेला पाट मोकळा ठेवू नये. कुणीतरी बसा मेल्यांनो!"

"कुणीतरी म्हणजे कोण?" भागिनाथानं विचारलं.

"कुणीही!"

भागिनाथ बसला. दिगूदादाचा हात त्यानं सोडला नव्हता. सासूबाई भांबावल्या होत्या. त्यांनी सवयीनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, टोपी घातली आणि जावयासाठी आणलेला सदरा भागिनाथाच्या मांडीवर ठेवला. ताट आलं. भागिनाथ धोंडे खायला लागला. दिगूदादा एका हातानं त्याला वाढायला लागला.

सातव्या धोंड्याला भागिनाथाला दया आली.

"दादा, तूपण जेव की."

दिगूदादाच्या जिवात जीव आला. त्यानं घाईघाईनं एक ताट ओढलं आणि खाली वाकला.

भागिनाथानं त्याला सरळ केलं.

"बसून नाही, दादा. उभ्यानं."

मोनाली तूप घेऊन आली. नवऱ्याच्या ताटात धार धरायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या.