ठकीचं वजन

"मग तिला झालंय तरी काय?"

गेनू मुळकानं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन टायमाला नूरशा बाबा नुसता बसून राहिला होता. आताही तसाच बसला.

लाइट गेलेली. गिरणी बंद. दुपारचं ऊन पार उंबऱ्यापर्यंत आलेलं, आणि पोत्यावर ठकी झोपलेली. ठकी म्हणजे गेनूची मांजर. चौदा वर्षांची म्हातारी.

नूरशा बाबा टेकडीवरच्या दर्ग्यात राहायचा. फकीर माणूस. दर गुरुवारी खाली गावात यायचा आणि गेनूच्या गिरणीतनं ओंजळभर पीठ न्यायचा. गेनू स्वतःला त्याचा चेला म्हणवायचा. चेला कसला, भांडखोर. वीस वर्षांत बाबाचं एक ऐकलं नसंल त्यानं. पण गुरुवार चुकवला नाही.

"बाबा, मी तुझ्याशी बोलतोय. भिंतीशी न्हाई."

"ऐकतोय की."

"रक्त काढलं. लघवी तपासली. पोटाचा फोटू काढला, सोनोग्राफी केली. कशात काय न्हाई. आन हिकडं मांजर निम्मी झाली! दिवाळीला चार किलो व्हती. आता दोन."

"डागदर काय म्हणला?"

"त्यो?" गेनू थुंकला. "कालचं पोरगं. म्हणतोय, काका, एवढी वाळल्यासारखी दिसत न्हाई. म्हटलं, मग माझा काटा खोटा? पंचवीस वर्षं ह्या काट्यावर गाव दळण घालतंय. एका मायच्या लालनं बोट दाखवलं न्हाई."

"त्यानं नाय मोजली?"

"मोजतोय कशाचा! त्याच्या काट्यावर ठेवली तर त्याच्याच हाताला बोचकारलं. मग म्हणला, घरीच मोजा दर आठवड्याला आन सांगत जा."

"मग?"

"मग उद्या जिल्ह्याला न्यायची. भूल द्यायची, आतड्याचा तुकडा काढायचा. म्हातारी हाय, भुलीतनं उठंल का न्हाई, खात्री देत न्हाईत. सही घेतली माझी आधीच."

एवढं बोलून गेनूनं ठकीच्या अंगावरचं पीठ झटकलं.

आषाढात त्याची बायको गेली. भामा. ठकी तिनंच आणली होती, पदरात बांधून, मुठीएवढी. पीठ तोलायला भामा बसायची आणि तिच्या मांडीवर ही. आता गिऱ्हाइकं येतात, डबा ठेवतात, जातात. पहिल्यासारखं टेकत कुणी नाही. गेनूच्या तोंडाला लागायचं कुणी? सांजच्याला कुलूप लावून घरी गेला की बोलायला एक ठकी. तिलाच शिव्या, तिलाच गावच्या बातम्या.

"तू नेऊ नको म्हणशील," गेनू म्हणला. "म्हातारपण हाय, अल्लाची मर्जी, आसलं कायतरी सांगशील. मला न्हाई ऐकायचं ते."

"मी कुठं काय म्हणलो..."

"मग म्हण की कायतरी!"

बाबा उठला. ठकीच्या पाठीवरनं हात फिरवला. ठकीनं एक डोळा उघडला, बाबाला ओळखलं, मिटला.

"मोजून दाखव मला."

"आता?"

"आता."

गेनूनं ठकीला उचलली. मांजर काय पारड्यात गुमान बसतीय का? म्हणून तो तिला छातीशी धरून पोत्याच्या मोठ्या काट्यावर उभा राहायचा. तसाच राहिला. बाबानं दांडीवरचं वजन सरकवलं. हळूहळू. दांडी सरळ झाली.

"अडुसष्ट."

"बघ. आन माझं सहासष्ट. ऱ्हायले किती? दोन." गेनूनं ठकीला आवळून धरलं. "दोन, बाबा."

"तुझं सहासष्ट कुणी सांगितलं?"

"हे काय, लिहिलंय की." गेनूनं हनुवटीनं भिंत दाखवली. खडूनं लिहिलेलं होतं, गेनू ६६. "दिवाळीला केलंय."

"दर खेपेला तेच धरतोस?"

गेनूला हसूच आलं. बाबाला धंद्यातलं काय कळतंय!

"आरं, डबा काय रोज मोजायचा आसतोय का? हे बघ." त्यानं फळीवरचे गिऱ्हाइकांचे डबे दाखवले. प्रत्येकाच्या झाकणावर ऑइलपेंटनं आकडा. "डब्याचं वजन एकदा केलं, झाकणावर घातलं, की डबा गंजून जाईस्तोवर तेच. भरल्या डब्यातनं तेवढं वजा केलं की झालं. धंदा हाय ह्यो."

"डबा जेवत नाय, गेनबा."

"म्हंजे?"

"ठकीला खाली ठेव. तू उभा राहा."

"मला कशाला? मला काय धाड भरलीया?"

"उभा राहा म्हणतो ना!"

बाबाचा आवाज चढलेला गेनूनं वीस वर्षांत ऐकला नव्हता. त्यानं ठकीला पोत्यावर ठेवली आणि काट्यावर उभा राहिला. हात लोंबते. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळंना.

बाबानं वजन सरकवलं. दांडी उठंना. आणखी मागं घेतलं. उठंना. आणखी मागं...

दांडी सरळ झाली.

"वाच. तूच."

गेनूनं वाकून वाचलं. डोळे पुसले, परत वाचलं.

"सव्वाचौसष्ट."

"मग ठकी किती?"

गेनूनं बोटं मोजली. पंचवीस वर्षं तोंडी हिशेब करणारा गडी, पण त्याला वेळ लागला.

"पावणेचार..." तो म्हणला. "म्हंजे तिची पाव किलोच घट. म्हातारपणी येतीच तेवढी. आन बाकीची..."

तो दांडीवरचा आकडा आणि भिंतीवरचा आकडा आळीपाळीनं बघत राहिला. काट्यावरनं उतरलाही नाही.

"काटा खरा हाय तुझा," बाबा म्हणला.

बाहेर कुणाचीतरी शेळी ओरडत होती. गिरणीत एवढं शांत, की ठकीच्या घोरण्याचा आवाज ऐकू येत होता.

"काल सांजच्याला काय जेवलास?"

"ठकीला दूध-भाकरी केली. कुस्करून. तिला दात न्हाईत आता."

"तुला विचारलं."

"भूक नव्हती."

"परवा?"

"ठकीची व्हती राहिलेली कोरभर. च्या घेतला." मग एकदम भडकून, "आता एकट्यासाठी काय चूल पेटवायची व्हय! ताट घ्यायचं, बसायचं, आन समोर कोन? भिंत? घास फिरतोय तोंडात नुसता. तुला काय कळणार, तुझा जलम एकट्याचाच!"

बोलून गेला आणि जीभ चावली.

बाबा रागावला नाही. झोळी खांद्याला लावली. गेनूनं घाईघाईनं पीठ घातलं. ओंजळीच्या जागी तीन ओंजळी घातल्या, निम्मं भुईवर सांडलं. माफी मागायची त्याची हीच रीत.

बाबा उंबऱ्यापर्यंत गेला.

"बाबा," गेनू मागनं म्हणला. ठकीला त्यानं परत उचलून घेतलं होतं, आणि तिनं त्याच्या काखेत तोंड खुपसलं होतं. "उद्या दवाखान्यात जाऊ का नको? तेवढं तरी सांग."

नूरशा बाबा वळला. गेनूच्या ढगळ सदऱ्याकडं बघितलं.

"जा की," तो म्हणला. "मांजर घरी ठेवून जा."