फाटकावरची किल्ली

त्या दिवशी आभाळ सकाळपासूनच खाली उतरलेलं. पाऊस नाही, ऊन नाही. दोरीवरचे कपडे दमट ते दमटच.

"मी कुणाला सांगितला नव्हता हो. मग गेला कसा?" मठीच्या पायरीवर टेकता टेकता अनंत मास्तरांनी विचारलं.

विचारलं ते रामगीर बुवांना. बुवा म्हणजे मास्तरांच्या कुंपणापलीकडचे गोसावी. अक्षराशी गाठ पडली नाही कधी. आणि मास्तर तर हेडमास्तर होऊन रिटायर झालेले. अर्ध्या गावाला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला. तेव्हा बुवांपुढं बसायचं त्यांना जरा जडच गेलं.

"काय गेलं?"

"पासवर्ड. म्हणजे... किल्लीच समजा. कुणीतरी माझ्या खात्यात शिरलं आणि किल्ली बदलून टाकली. आता मीच बाहेर. कुमुदचे सगळे फोटो आत राहिले, बुवा. सगळे."

कुमुद म्हणजे मास्तरांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"कंपनीला कळवलंत?"

"तीनदा लिहिलं. मी म्हणजे मीच, हे त्यांना पटेना."

"मलाही माझं पुष्कळदा पटत नाही," बुवा म्हणाले.

मास्तर हसले नाहीत.

"अजून एक खातं आहे. जुनं ईमेल. माझी बदली लांब झाली होती, तेव्हा ती फोनमध्ये बोलून निरोप धाडायची. अकरा आहेत. तिचा आवाज म्हणून तेवढाच उरलाय आता."

"त्याला किल्ली कोणती?"

मास्तर चष्मा काढून पुसू लागले.

"मास्तर?"

"तीच."

बुवांनी नुसती मान हलवली.

"पण कोणती ते विचारू नका," मास्तर घाईनं म्हणाले. "पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो. मीच शिकवलंय लोकांना."

"नका सांगू."

बुवा उठले. काठी टेकत टेकत मास्तरांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. मास्तर मागोमाग.

"मला काही वाचता येत नाही. एवढं वाचून दाखवा बरं."

घराच्या नावाची संगमरवरी पाटी होती. मास्तरांनी शाळेतल्यासारखं खणखणीत वाचलं, "कुमुदिनी. सन एकोणीसशे सत्त्याऐंशी..."

पुढं तोंड उघडंच राहिलं.

रस्त्यानं दोन माणसं गेली. त्यांनीही जाता जाता पाटीकडं पाहिलं.

"बदला की मग. आजच बदला," बुवा हळूच म्हणाले.

"भाचाही तेच म्हणतो. दर खात्याला वेगळी किल्ली, आणि वर फोनवर आकडा येतो ती दुसरी कडी. ते सगळं करीन मी. पण बुवा, रोज सकाळी तिचं नाव लिहितो तेव्हा आत जातो. आता तेही पुसू?"

"नाव साऱ्या गल्लीचं झालं, मास्तर. वैनींचं असं काहीतरी घाला, जे तुमच्याबिगर कुणाला ठाऊक नाही."

मास्तर विचार करू लागले. वाढदिवस? तो दरवर्षी फेसबुकवर मोठ्या अक्षरांत. माहेर? ते सगळ्यांना पाठ. आवडतं फूल? जाईचा वेल तर फाटकावरच चढलेला.

आणखी काय?

आणखी...

"बुवा, पस्तीस वर्षांचा संसार झाला. काहीच सापडत नाही हो."

बुवा म्हणाले, "त्या अकरा निरोपांत काय आहे?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"शाळेची गडबड असायची. पहिलं वाक्य ऐकायचो, आणि 'बरं' एवढं लिहून पाठवायचो. ती गेल्यावर... ऐकायचा धीर झाला नाही."

आभाळ तसंच होतं. बुवांनी फाटकाची कडी काढली आणि मास्तरांना वाट करून दिली.

"मग आत जाऊन आधी ते ऐका, मास्तर. सांगितलं असेल त्यांनी."