मशीन रिकामं राहता कामा नये

एका गावात एक भोळा कंपाउंडर होता. नाव लहानू. डॉक्टर कारखानीसांच्या दवाखान्यात तो सांगितलं तेवढंच करायचा.

डॉक्टरांनी कर्ज काढून शरीराच्या आतले फोटो काढणारं भलंमोठं मशीन आणलं. बँकेच्या हप्त्यापायी त्यांची झोप उडाली. पाय मुरगळलेल्यालाही ते डोक्याचा फोटो काढायला लावू लागले. कर्ज डॉक्टरांचं, डोकं पेशंटचं!

"लहानू, मशीन रिकामं राहता कामा नये."

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये रखवालदार घोरत पडलेला.

"गाढवा! आधी पैसे, मग आत!"

"बरं साहेब."

दुपारी डॉक्टरांची बायको डबा घेऊन आली. लहानू दारात आडवा. "आधी पैसे, मग आत." बाई डब्यासकट परतल्या. डॉक्टर उपाशी.

"अरे, माणूस बघावा! पायताण बघ. बूट दिसला की हाताला धरून आत ने, सगळ्या तपासण्या कर. झिजकी चप्पल दिसली की सांग, खाट नाही, जिल्ह्याला न्या."

"बरं साहेब."

संध्याकाळी वीटभट्टीवरची सोनाबाई आली. धाप लागलेली, ओठ निळे. चप्पल सुतळीने बांधलेली.

"खाट नाही. जिल्ह्याला न्या."

सोनाबाईने सहा रिकाम्या खाटांकडे बघितलं आणि भिंतीला धरत परत गेली. डॉक्टरांनी लहानूची पाठ थोपटली. "आता शहाणा झालास!" लहानूच्या हातून झालेलं सगळ्यात वाईट काम हेच. पण हे शिकवल्याप्रमाणे झालं, म्हणून शाबासकी मिळाली.

चार दिवसांनी न्हाणीघरात डॉक्टरांच्याच छातीत कळ आली. शेजारच्या यशवंताने त्यांना उचलून आपल्या रिक्षात घातलं आणि दवाखान्यात आणलं. यशवंताच्या पायात मेहुण्याच्या लग्नातले कोरे बूट. डॉक्टरांच्या पायात न्हाणीतली झिजकी चप्पल.

लहानूने दोघांचे पाय बघितले.

"खाट नाही," तो डॉक्टरांना म्हणाला. "जिल्ह्याला न्या." मग यशवंताला हाताला धरून आत नेलं.

"अरे, मला काही झालं नाही! रिक्षा मलाच चालवायचीय!" यशवंत ओरडत होता.

"बूटवाल्यांच्या सगळ्या तपासण्या करायच्या असतात," लहानू म्हणाला आणि त्याला पट्ट्यांनी बांधून टाकलं.

डॉक्टर पायरीवर आडवे. घामाघूम. "लहानू... अरे, मी... डॉक्टर..."

"ओळखलं की साहेब!" लहानू त्यांच्या कानाशी वाकला. "तुम्ही निर्धास्त पडा. मशीन रिकामं नाही!"