दरबारातला नत्रवायू

एका छोट्या संस्थानात धुंडोपंत नावाचे मानकरी होते. दरबारात पेंगणे एवढेच त्यांचे काम. नवे दिवाण विलायतेत रसायनशास्त्र शिकून आलेले. भर दरबारात ते म्हणाले, "हवेतला जेमतेम पाचवा हिस्सा प्राणवायू. त्यावर सगळे जीव जगतात. बाकी बहुतेक निकामी नत्रवायू. आपला दरबारही तसाच! महाराज, या धुंडोपंतांना आजच घरी पाठवा."

धुंडोपंत जांभई आवरत उठले. "मी निकामी, कबूल. पण दिवाणसाहेब, हवेतला नत्रवायू काढून टाकला तर?"

"एका ठिणगीने सगळे पेटेल!"

"मग सगळेच तुमच्यासारखे कामसू झाले, तर रोज शंभर हुकूम निघतील आणि रयत होरपळेल. आम्ही पेंगतो, म्हणून संस्थान शाबूत आहे."

महाराजांनी हसत हसत बडतर्फीचा हुकूम बाजूला सारला. "दिवाणजी, आज तुम्हीही जरा झोप काढा."