कुंभारांचे तळे

पूर्वी शंखपुरात राजा जयसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या धर्मसंघाचे अन्नछत्र सांभाळीत असत. प्रत्येकाने मातीच्या कोऱ्या परळातच जेवायचे, हा छत्राचा नेम. तांदूळ यायचा पुण्यवर्धन श्रेष्ठींकडून. श्रेष्ठींचा हात सढळ होता, आणि तो सढळ आहे हे गावाला कळावे याचीही त्यांना तितकीच काळजी.

पंगत दिवसेंदिवस लांबत चालली. पंगत मोठी तितके पुण्य मोठे, म्हणून संघ खूश होता. बोधिसत्त्वांना मात्र घास गोड लागेना. पंगतीत जी भर पडत होती, ती सगळी कुंभारवाड्यातली. शेवटी त्यांनी नंदिका कुंभारणीला विचारलेच, "बाई, तुझे चाक का थांबले?"

"माती कुठाय, बाबा? श्रेष्ठींनी आमच्या तळ्याला कुंपण घातलं. देवाला कमळं हवीत म्हणे. तुमच्या संघानं त्यांचा सत्कार केला, त्या जेवणाचे परळ मीच दिले. तेच शेवटचे."

बोधिसत्त्वांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती कमळे त्यांनी स्वतःच्या हातांनी वाहिली होती.

महादानाचा दिवस आला. रीतीप्रमाणे पहिला भात वाढायला राजा उभा राहिला, तर छत्रातला जुना साठाही संपलेला, एकाच्याही पुढ्यात परळ नाही.

"परळ कुठे आहेत?" राजाने विचारले.

बोधिसत्त्व म्हणाले, "घडवणारे पंगतीत बसलेत, महाराज. त्यांची माती कमळांखाली अडकली आहे. ती कमळे मीही देवाला वाहिली, म्हणून चूक माझीही आहे."

श्रेष्ठी कडाडले, "तळ्याला हात लावाल तर उद्यापासून तांदळाचा दाणा मिळणार नाही!"

पंगतीत आंधळे होते, थकलेले म्हातारे होते. त्यांच्याकडे पाहून बोधिसत्त्वांचा जीव तुटला, तरी ते मागे हटले नाहीत. "तांदूळ मी दारोदार मागेन. पण ज्यांच्या पोटावर आपणच पाय दिला, त्यांना वाढून पुण्य मिरवणार नाही."

संतापलेला राजा श्रेष्ठींना हद्दपार करायला निघाला. बोधिसत्त्वांनी हात जोडले. "शिक्षा नको, महाराज. कुंपण काढा. आणि नेम मोडला तरी चालेल, आधी केळीच्या पानांवर वाढा. माणसे भुकेली आहेत."

राजाने तशी आज्ञा दिली आणि पानांवर वाढले. जेवणे होताच कुंभारवाडा तळ्याकडे धावला आणि दिवस मावळायच्या आत कुंपणाची काडीही उरली नाही. श्रेष्ठी तीन दिवस तोंड फुगवून बसले. चौथ्या दिवशी तांदळाच्या गाड्या आल्या, या खेपेला गाजावाजा न करता.

महिन्याभरात पंगत निम्मी झाली. कुंभार आता नवे परळ घेऊन वाढायला येऊ लागले. पंगत आखूड झाली म्हणून छत्रात वाजंत्री लावली गेली, ती त्याच वर्षी!

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची नंदिका म्हणजे ही समोर बसलेली उपासिका. श्रेष्ठी म्हणजे आज अबोलपणे दान देणारा तो वृद्ध गृहस्थ. अन्नछत्र सांभाळणारा मीच होतो. भुकेल्याला वाढता वाढता त्याच्या भुकेचे खरे कारण बोलून दाखवणे, आणि त्यात आपलाही दोष न लपवणे, ही सत्यपारमिता."