कापसाच्या गाठीतला खोकला

फार पूर्वी, दोन राज्यांच्या मधून वाहणाऱ्या एका नदीच्या काठी एक नावाडी राहत होता. माणूस सरळ, पण नियमाला भलताच चिकट. राजाचा हुकूम होता : पलीकडच्या माणसाला राजमोहरेशिवाय जो आणील त्याची नाव जप्त होईल आणि जो त्याला घरात लपवील तो तुरुंगात जाईल. नावाडी प्रत्येकाची मोहर उलटसुलट करून बघायचा. गावकरी चेष्टा करायचे, "पलीकडून याची सासू आली तरी हा आधी मोहर मागेल!" तो हसायचा आणि मोहर मागायचाच.

एके दिवशी सकाळी पलीकडच्या काठावरून एक व्यापारी कापसाच्या चार मोठ्या गाठी घेऊन नावेत बसला. त्याच्याकडे मोहर होती, मालाचा दाखलाही होता. नाव निघाली.

त्या नदीवर नावाड्यांची एक रीत होती. मधल्या धारेला पोचलं की वल्ही वर घ्यायची, मूठभर तांदूळ नदीला वाहायचे आणि ते बुडेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. व्यापारी परमुलखातला, त्याला ही रीत कुठली ठाऊक? वल्ही थांबली तसा तो चुळबुळू लागला.

"थांबलास का? वल्हव की!"

नावाड्यानं ओठांवर बोट ठेवलं. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत एक गाठ खोकली.

लहान मुलाचा घुसमटलेला खोकला होता तो.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "दुष्काळी मुलखातली माणसं आहेत. वीटभट्टीवर राबायला नेतोय. ठाणं समोर दिसतंय, घटकाभर कळ काढ. गाठी उतरल्या की तू सुटलास. तुला काही माहीतच नव्हतं म्हण!"

नावाड्यानं आधी ठाण्याकडे पाहिलं, मग आपल्या नावेकडे. सारं घर त्या एका नावेवर चालायचं. खोकला पुन्हा आला, आधीपेक्षा क्षीण. मग आलाच नाही.

त्यानं कोयता काढला आणि गाठींचे दोर कापायला घेतले.

"अरे वेड्या, नाव जाईल तुझी!" व्यापारी ओरडला.

"जाईल," नावाडी म्हणाला. "पण पोर गेलं तर ते कुठून आणू?"

कापसातून एक बाई निघाली, तिचा नवरा निघाला आणि निळी पडलेली त्यांची चिमुरडी. नावाड्यानं तिच्या नाकातोंडातला कापूस काढला, पाणी शिंपडलं. पोरीनं श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मग त्यानं नाव सरळ ठाण्याच्या घाटाला लावली.

ठाणेदारानं सगळं ऐकून घेतलं. व्यापाऱ्याला बेड्या पडल्या. त्या तिघांचं काय करायचं हे राजा ठरवणार होता, तोवर ठाण्याच्या ओसरीवर त्यांची सोय झाली. मग ठाणेदार नावाड्याकडे वळला.

"तुझ्या जागी मीही दोर कापले असते. पण मोहर नसलेली माणसं तुझ्या नावेतून उतरली."

"उतरली," म्हणत नावाड्यानं वल्ही त्याच्या पुढ्यात ठेवली. डोळे मात्र भरून आले.

तो पायी घरी पोचला, तर बातमी त्याच्या आधीच पोचलेली. बायको दारात उभी होती.

"नाव?"

"गेली."

"आणि पोर?"

"वाचली."

"मग हातपाय धुवा," ती म्हणाली, "पान वाढते."

तात्पर्य : नियम पाळावाच, पण कुणाचा जीव जात असेल तर आधी जीव वाचवावा आणि नियमानं दिलेली शिक्षा ताठ मानेनं सोसावी.