कोतवालाची परात

डोंगरापलीकडच्या एका गावात एक सुईण राहायची. तिच्या पोटात गोष्ट राहते, म्हणून बायका तिला काहीही सांगत.

त्या वर्षी गावात चोऱ्या वाढल्या. कुणाच्या घरात शिरायचं तर न्यायाधीशांची मोहर लागे, पण कोतवालाला एवढा धीर कुठला! त्याने एका मांत्रिकाकडून वाळूची परात आणली. ज्याच्या पायाखालची चिमूटभर माती तीत टाकावी, त्याची मुंगीएवढी पावलं, तो गावात जिथे असेल त्या जागी, वाळूत उमटायची. माणूस चालला की तीही चालायची. आधी कोतवालाने दोघा संशयितांची माती टाकली. मग म्हणाला, "सगळ्यांचीच टाकू की, काय बिघडलं?"

चोर काही सापडला नाही. पण एके दिवशी कोतवालाने सुईणीला चावडीवर बोलावलं.

"नदीपलीकडे विणकरणीच्या घरी रोज दुपारी कशाला जातेस गं?"

याला कसं कळलं, सुईणीला उमजेना. वाटेवर तर चिटपाखरूही नसायचं! परात यायच्या आधीच एक गरोदर बाई नवऱ्याच्या मारातून पळून त्या घरी लपली होती. आणि तिचा नवरा कोतवालाचाच शिपाई, आता दारात कान टवकारून उभा. सांगावं तर तिचा जीव जाणार, न सांगावं तर आपण चोरांची साथीदार ठरणार.

"नाही सांगणार," सुईण म्हणाली.

कोतवाल सुईणीला आणि परातीला घेऊन चावडीतच आतल्या बाजूला बसलेल्या न्यायाधीशांपुढे गेला. "सरकार, त्या घराच्या झडतीसाठी मोहर द्या. मी कुणाचा उंबरा ओलांडला नाही. रस्त्यावरची पावलं काय, कुणालाही दिसतात."

न्यायाधीशांनी जांभई देत मोहर उचलली आणि सहज परातीत डोकावले. चावडीच्या जागी इवल्या पावलांची दाटी होती. त्यांनी बसल्या बसल्या उजवा पाय मागे ओढला. वाळूतलं एक पाऊल मागे सरकलं.

"हे कुणाचं?"

कोतवालाने परात मागे ओढली. "आपलं, सरकार."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

चावडीत कुणी हलेना. हलावं तर वाळू हलणार. सगळे आपापल्या पायांकडे बघत खिळून राहिले.

"बाई, मला काहीएक सांगू नका," न्यायाधीश हळूच म्हणाले. इतके दिवस दुसऱ्यांची पावलं होती, तोवर त्यांना जांभया येत होत्या!

मोहर पेटीत गेली, वाळू नदीत गेली आणि कोतवालाची नोकरीही गेली. तरी गावकरी कित्येक दिवस चालताना थबकून मागे बघत.

चार दिवसांनी विणकरणीच्या घरी मुलगी जन्मली. अंगात बळ आल्यावर ती बाई लेकीला घेऊन निघून गेली. कुठे, ते सुईणीने विचारलं नाही.

तात्पर्य: काही वाईट न करणाऱ्यालाही कुणाच्या नजरेआड राहायचा हक्क असतो; शेजाऱ्याचा तो हक्क गेला, त्याच दिवशी आपलाही गेलेला असतो.